पटावरच्या रणांगणाचा सूत्रधार

दोघेजण बुद्धिबळ खेळावयास बसले म्हणजे तिसऱ्या माणसाचे तेथे काही काम नसते. तो आलाच, तर त्याने मुकाट्याने पाहावे आणि सल्ला देण्याचा मोह आवरावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. पट उघडा असतो, मोहरी दोघांनाही दिसत असतात. उंटाने तिरके जावे आणि घोड्याने अडीच घरे ओलांडावीत, याविषयी कोणाचे दुमत नसते. परंतु युद्धाचाच एक दुसरा खेळ असा आहे की, त्यात हा तिसरा माणूस नसेल तर पुष्कळदा डाव मांडलाच जात नाही. तो कोणत्याही पक्षाचा नसतो. त्याला विजय नाही आणि पराजयही नाही. तरीही डावाचे बरेवाईट सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून असते. इंग्रजीत त्याला पूर्वी अंपायर म्हणत. आज बहुधा गेम मास्टर म्हणतात. आपल्या नाट्यपरंपरेतील ‘सूत्रधार’ हा शब्द त्याला अधिक शोभेल.

हा खेळ म्हणजे छोट्या पुतळ्यांच्या साहाय्याने टेबलावर खेळावयाची लढाई होय. सहा फूट लांब व चार फूट रुंद, किंवा त्याहूनही मोठे टेबल घ्यावयाचे. त्यावर हिरवे कापड अंथरावयाचे. त्याखाली ठोकळे सरकवून टेकड्या उभ्या करावयाच्या. निळ्या पट्टीची नदी, शेवाळाची झाडे आणि पुठ्ठ्याची घरे मांडावयाची. मग त्या भूमीवर शिशाचे अथवा प्लॅस्टिकचे जेमतेम इंचभर उंचीचे शिपाई, घोडेस्वार आणि तोफा ओळीने उभ्या राहतात. येथे बुद्धिबळासारखी घरे नाहीत. पायदळाने एका खेपेस किती इंच चालावे, घोडदळाने किती, तोफेचा मारा कोठवर पोचावा, हे नियमांच्या पुस्तकात सांगितलेले असते व ते अंतर फीतपट्टीने मोजले जाते. गोळी लागली की नाही, धावा आला असता पलटण टिकली की पळाली, याचा निर्णय फासे टाकून होतो. कौशल्य आणि दैव या दोहोंनाही येथे स्थान आहे. आणि खऱ्या युद्धातही ते असतेच.

या खेळाची वंशावळ पाहिली तर तिचा उगम जर्मनीत सापडतो. ब्रुन्सविक येथील हेलविग या गणिताच्या शिक्षकाने १७८० साली बुद्धिबळाचाच विस्तार करून सोळाशेहून अधिक घरांचा एक युद्धपट प्रसिद्ध केला. पुढे प्रशियाच्या राज्यकारभारातील बॅरन फॉन राइसवित्झ या मुलकी अधिकाऱ्याने त्यात मोठी सुधारणा केली. चौकोनी घरे टाकून देऊन त्याने भूमीचे हुबेहूब नमुने बनविले आणि १८१२ साली खणांचे एक शोभिवंत टेबल राजाला सादर केले. राजघराण्याला त्याचा छंद लागला. परंतु सैन्याच्या दृष्टीने ते अजून करमणुकीचे साधन होते. त्याला शास्त्राचे रूप दिले ते त्या अधिकाऱ्याच्या मुलाने. हा मुलगा तोफखान्यात लेफ्टनंट होता. १८२४ साली त्याने आपले नियम प्रसिद्ध केले. एकास आठ हजार या प्रमाणाचा नकाशा, त्यावर धातूचे रंगीत ठोकळे, आणि प्रत्येक खेपेस दोन मिनिटांचा काळ लोटला असे समजावयाचे, अशी त्याची रचना होती. प्रशियाचा सेनाप्रमुख म्युफ्लिंग हा प्रथम अनिच्छेनेच तो पाहावयास बसला. परंतु डाव रंगत गेला तसा त्याचा उत्साह वाढला, आणि हा केवळ खेळ नसून युद्धाचे शिक्षण आहे असे मत त्याने दिले. पलटणीपलटणींतून खेळाचे संच गेले. त्याच्या कर्त्याला मात्र हे यश लाभले नाही. १८२७ साली त्या तरुण अधिकाऱ्याने आत्महत्या केली.

या तरुण राइसवित्झने केलेली खरी क्रांती नकाशात किंवा ठोकळ्यांत नव्हती. ती तिसऱ्या माणसात होती. बुद्धिबळात दोन्ही सेना उघड्या असतात. रणांगणावर सेनापतीला टेकडीपलीकडचे दिसत नाही. म्हणून त्याने असे ठरविले की, खेळाडूंनी ठोकळ्यांना हात लावू नये. त्यांनी आपले हुकूम कागदावर लिहून पंचाकडे द्यावेत. पंचाने दोन्हीकडचे हुकूम वाचून, कोणाला काय दिसले असते याचा विचार करून तेवढेच ठोकळे नकाशावर मांडावेत आणि खेळाडूंना तेवढीच वार्ता कळवावी. दोन्ही पक्षांची गुपिते ज्याच्यापाशी राहावयाची त्या पंचास त्याने ‘विश्वासू’ या अर्थाचे नाव दिले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

परंतु पंच आला म्हणजे पंचाविषयीचा वादही आला. राइसवित्झचे नियम बारीकसारीक होते. किती अंतरावरून किती माणसांनी गोळीबार केला असता किती पडावेत, याची कोष्टके होती. हानीचा हिशेब मांडावा लागे. पुढच्या पिढीत नियमांत आणखी भर पडली, आणि पंचाची अवस्था लढाईपेक्षा हिशेबनिसाच्या कामाने थकलेल्या माणसासारखी झाली. तेव्हा युलिउस फॉन व्हर्डी द्यु व्हेर्न्वा या जर्मन सेनानीने १८७६ साली दुसरे टोक गाठले. कोष्टके नकोत, फासेही नकोत. ज्याने प्रत्यक्ष युद्ध पाहिले आहे अशा अनुभवी पंचाने परिस्थिती पाहून निकाल द्यावा आणि तो सर्वांनी मानावा, असे त्याचे म्हणणे होते. खेळ वेगवान झाला खरा, पण पंचाचा अनुभव तोकडा असेल किंवा त्याचे मन एका बाजूस झुकले असेल, तर त्यावर इलाज उरला नाही.

नियम मोठा की निर्णय करणाऱ्याचा विवेक मोठा, हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. न्यायालयात, कचेरीत, शाळेत, पंचायतीत तो रोज उभा राहतो. नियमाने वागणारा अधिकारी निःपक्षपाती ठरतो, पण एखादे वेळी तो नियम ज्या हेतूने केला त्यालाच मूठमाती देतो. विवेकाने वागणारा अधिकारी तो हेतू जपतो, पण त्याचा विवेक कोठे संपला आणि लहर कोठे सुरू झाली हे लोकांना कळेनासे होते. छोट्या शिपायांच्या टेबलाशी उभा असलेला सूत्रधार चार तासांत हा प्रश्न दहा-वीस वेळा सोडवीत असतो.

लष्करी शाळांतून हा खेळ घराघरांत आणण्याचे श्रेय पुष्कळसे एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराकडे जाते. १९१३ साली त्याने ‘लिटल वॉर्स’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. खोलीच्या जमिनीवर खेळण्यातील शिपाई मांडावयाचे आणि लाकडी गोळी उडविणाऱ्या कमानीच्या तोफेने ते पाडावयाचे, अशी त्याची रीत होती. पुढे डोनल्ड फेदरस्टोन याने १९६२ साली ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक लिहून या छंदाला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. साउथम्प्टन येथील फुटबॉल संघातील खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करणे हा त्याचा व्यवसाय होता. अमेरिकेत १९६८ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावी ‘जेन कॉन’ नावाचे संमेलन सुरू झाले. १९७२ पासून लंडनमध्ये ‘सॅल्यूट’ हा मेळावा भरू लागला. पुढे अमेरिकेत ‘हिस्टॉरिकल मिनिएचर्स गेमिंग सोसायटी’ ही ऐतिहासिक लढायांच्या शौकिनांची संस्था निघाली आणि तिची संमेलने पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे अनेक वर्षे भरली.

पंचाच्या कलेतून एक अगदी नवीन खेळही जन्मास आला. मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती टॉटन नावाच्या अमेरिकन लष्करी लेखकाचे १८८० सालचे एक पुस्तक पडले. खेळाडूने काहीही करावयाचे ठरविले तरी पंचाने त्याचा निकाल देता आला पाहिजे, हा विचार त्याने त्यातून उचलला. १९६९ साली त्याने एका काल्पनिक जर्मन शहराचा डाव मांडला व खेळाडूंना सेनापतींबरोबरच नगराध्यक्ष, विद्यापीठाचा कुलगुरू अशाही भूमिका दिल्या. खेळाडू टेबल सोडून कोपऱ्याकोपऱ्यांत गुप्त मसलती करू लागले आणि लढाई बाजूलाच राहिली. डाव फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडू मात्र पुन्हा खेळावयाचा म्हणून त्याच्या मागे लागले. त्याच मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन याने गॅरी गायगॅक्सच्या सहकार्याने १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा जगप्रसिद्ध खेळ निर्माण केला.

आता या संमेलनांतील सूत्रधार काय करतो ते पाहू. तो पगारी नोकर नसतो. हौसेने पुढे आलेला तो स्वयंसेवक असतो. कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी निवृत्त सैनिक. अलीकडे स्त्रियाही या कामात दिसतात. मोबदला म्हणाल तर पुष्कळ ठिकाणी ठरावीक तास डाव चालविणाऱ्यास प्रवेशशुल्क माफ होते, इतकाच. संमेलनापूर्वी काही महिने त्याने आपल्या डावाची माहिती कळवावयाची असते. कोणती लढाई, कोणते नियम, पुतळ्यांचा आकार केवढा, खेळाडू किती, वेळ किती आणि नवख्याला जागा आहे की नाही, या सर्व गोष्टी कार्यक्रमपत्रिकेत छापून येतात. ‘नियम शिकविले जातील’ ही त्यातील लहानशी ओळ फार मोलाची असते. तिच्या भरवशावर अनोळखी माणूस येऊन टेबलाशी उभा राहतो.

त्यापूर्वीचे श्रम कोणाला दिसत नाहीत. वीस शिपायांमागे एक पुतळा असे प्रमाण धरले, तर दहा हजारांच्या पायदळाला पाचशे पुतळे लागतात. प्रत्येकाचा अंगरखा, पट्टा, बंदूक व चेहरा रंगविण्यास अर्धा तास धरला, तरी अडीचशे तास होतात. त्यात तोफा, बैल, घोडे, निशाणे आणि घरे आलेली नाहीत. हे सारे पेट्यांतून, कापसात गुंडाळून, शेकडो मैल मोटारीने न्यावयाचे; सभागृहात पोचल्यावर तासाभरात मांडावयाचे; आणि डाव संपला की पुढच्या सूत्रधारासाठी टेबल मोकळे करून द्यावयाचे.

डावाची रचना ही त्याहून अवघड गोष्ट आहे. तिची अडचण कळावी म्हणून महाराष्ट्राच्या भूमीवर झालेल्या एका लढाईचे उदाहरण घेऊ. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई या गावापाशी शिंदे व भोसले यांच्या फौजांची आणि आर्थर वेलस्ली याच्या हाताखालील कंपनीच्या फौजेची गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. दुसऱ्या इंग्रज-मराठे युद्धातील ही निर्णायक लढाई परदेशातील छंदिष्टांना चांगली परिचित आहे.

समजा, एखाद्या सूत्रधाराने ती टेबलावर मांडावयाचे ठरविले. पहिला प्रश्न नदीचा. मराठी फौज केळणा नदीपलीकडे होती. नदीला जवळपास उतार नाही असे वाटाडे सांगत होते. परंतु दोन तीरांवर समोरासमोर दोन गावे दिसताच वेलस्लीने अनुमान केले की, त्यांच्यामध्ये येजा असणार, आणि म्हणून उतारही असणार. तो तेथून पार झाला आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला. आता टेबलाशी बसलेल्या मराठी पक्षाच्या खेळाडूने हा इतिहास वाचला असेल, तर तो पहिल्याच खेपेस उतारावर तोफा रोखील आणि डाव तेथेच आटोपेल. तेव्हा सूत्रधाराला युक्ती करावी लागते. तो गावांची व नद्यांची नावे बदलून लढाई ओळखू येणार नाही अशी करतो. किंवा नदीवर तीन संभाव्य जागा ठेवून खरा उतार कोठे आहे हे बंद पाकिटात लिहून ठेवतो. दोन्ही सेनापतींना जे अज्ञात होते ते खेळाडूंनाही अज्ञात राहावे, एवढाच त्याचा हेतू.

दुसरा प्रश्न हुकूमांचा. कंपनीच्या उजव्या बगलेवरील एक तुकडी योजना सोडून असई गावाच्या रोखाने भरकटली आणि तिच्या पाठोपाठ गेलेली ७४ वी हायलँडर पलटण तोफांच्या माऱ्याखाली चिरडली गेली. टेबलावर वरून पाहणाऱ्या खेळाडूच्या हातून अशी चूक होत नाही. त्याला सगळे स्वच्छ दिसते. म्हणून हुकूम पोचण्यात विलंब किंवा घोटाळा होण्याची शक्यता फाशांच्या रूपाने ठेवावी लागते. ती किती ठेवावी? फार ठेवली तर खेळाडू म्हणतो, माझ्या बुद्धीला येथे कामच नाही. मुळीच ठेवली नाही तर ती लढाई राहत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. नियमानुसार प्रत्येक पलटणीच्या कवायतीला व धैर्याला एक अंक द्यावा लागतो. शिंद्यांच्या कवायती पायदळाला कोणता अंक द्यावा? दूरदेशीचा एखादा सूत्रधार जुन्या समजुतीने असे धरून चालेल की, युरोपीय पलटणींपुढे हे सैन्य कच्चेच असणार. परंतु त्या दिवशी काय घडले? शत्रू बगलेवर आला हे कळताच शिंद्यांच्या पदरी असलेला हॅनोव्हरचा सेनानी पोलमन याने दहा हजारांहून अधिक पायदळाची आघाडी फिरवून नव्या दिशेस तोंड करविले, आणि ते काम पलटणींनी अशा शिस्तीने केले की, वेलस्लीचा अंदाज चुकला. गोलंदाज आपल्या तोफा सोडावयास तयार नव्हते. शत्रूची ओळ अंगावरून पुढे गेल्यावर, मेल्यासारखे पडून राहिलेल्या कित्येकांनी उठून पुन्हा तोफा वळविल्या आणि पाठीमागून मारा केला. कंपनीच्या बाजूची पंधराशेहून अधिक माणसे मृत वा जखमी झाली. वॉटर्लू जिंकलेल्या वेलिंग्टनने उतारवयातही आपली उत्तम कामगिरी म्हणून असईचेच नाव घेतले होते.

म्हणजे सूत्रधार कागदावर जो ‘तीन’ किंवा ‘पाच’ असा अंक लिहितो, तो मृत माणसांविषयी दिलेला अभिप्राय असतो. ती माणसे त्यावर अपील करू शकत नाहीत. टेबलाशी बसलेले सहा-आठ परदेशी खेळाडू मराठ्यांच्या सैन्याविषयी आयुष्यात बहुधा दुसरे काही वाचणार नाहीत. चार तासांत त्या पुतळ्यांनी जे केले तेच त्यांच्या मनात राहील. तोफा पुन्हा वळवण्याची मुभा देणारा एक नियम सूत्रधाराने अभ्यासाने घातला, तर त्या अज्ञात गोलंदाजांना दोनशे वर्षांनंतर पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या सभागृहात न्याय मिळतो. तो आळसाने गाळला, तर मिळत नाही. छंदाच्या कामात असे उत्तरदायित्व असू शकते हे प्रथमदर्शनी खरे वाटत नाही. पण ते असते.

डाव सुरू झाल्यावर मात्र मृतांपेक्षा जिवंतांची काळजी मोठी. खेळाडूंपैकी एखादा नियमांत मुरलेला असतो व प्रत्येक कलमावर वाद घालतो. दुसरा मित्रांबरोबर हसण्याखिदळण्यास आलेला असतो. आणि टोकाला पंधरा वर्षांचा एखादा मुलगा बापाबरोबर प्रथमच आलेला असतो. त्याच्या हाती नेमके घोडदळ पडते. उत्साहाने तो पहिल्याच तासात ते तोफांवर घालतो आणि फासे उलटे पडतात. नियमाप्रमाणे त्याची सेना संपली. अजून तीन तास उरले आहेत. या मुलाने तीन तास काय करावे?

कोष्टकवादी पंच म्हणेल, नियम तो नियम. दुबळा सूत्रधार फासे पुन्हा टाकू देईल. मग समोरच्या खेळाडूचा हक्काचा विजय हिरावला जाईल आणि टेबलावरील प्रत्येकाला कळेल की, येथे निकाल रडण्याने बदलतो. जाणता सूत्रधार तिसरा मार्ग काढतो, आणि तो त्याने घरूनच योजून आणलेला असतो. पळालेले स्वार मागे एकत्र जमून काही वेळाने परतू शकतील, किंवा पिछाडीची राखीव पलटण ज्याची सेना मोडली त्याच्या हाती जाईल, असे त्याने डाव सुरू होण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवलेले असते. फाशांचा निकाल फिरविला जात नाही, कोणाचे हिरावलेही जात नाही, आणि तो मुलगा टेबलाशी उभा राहतो. नियम आणि विवेक यांच्या भांडणाची तोड पुष्कळदा अशीच असते. विवेक हा निकालाच्या क्षणी नव्हे, तर नियम करण्याच्या वेळी खर्च करावयाचा असतो. निकाल द्यावयाची वेळ आली म्हणजे मग हात कापण्याचे कारण उरत नाही.

तरीही काही प्रसंग असे येतात की, त्यांना पुस्तकात उत्तर सापडत नाही. तेव्हा सूत्रधाराने फार वेळ पाने चाळू नयेत. दोन्ही बाजू थोडक्यात ऐकाव्यात, संभव पाहून निकाल द्यावा, आणि पुन्हा तोच प्रसंग विरुद्ध पक्षावर आला असता तोच निकाल द्यावा. वादात गेलेली पंधरा मिनिटे सर्व खेळाडूंची असतात. आपली चूक झाल्याचे मागाहून कळले, तर ती सर्वांसमक्ष कबूल करावी. त्याने अधिकार कमी होत नाही. आणि शेवटचा अर्धा तास त्याने राखून ठेवावा, कारण अपुऱ्या राहिलेल्या लढाईइतकी निराशा पराभवानेही होत नाही.

युद्धाचा खेळ करणे योग्य आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. वेल्सने त्याचे उत्तर आपल्याच पुस्तकाच्या अखेरीस दिले आहे. त्याच्या मते, हा खेळ दोन-चार वेळा खेळून पाहिला म्हणजे खरे युद्ध ही केवढी घोडचूक आहे हे उमजते. येथे ना उद्ध्वस्त गावे, ना प्रेते. पुस्तक निघाल्यावर वर्षभरातच पहिले महायुद्ध पेटले आणि त्याच्या उपदेशाचा उपयोग झाला नाही, हे खरे. परंतु योजना कितीही सुबक असली तरी हुकूम चुकतो, धूर आड येतो, फासा उलटा पडतो आणि रांगेतील पुतळे एकामागून एक उचलले जातात, हे ज्याने टेबलाशी उभे राहून पाहिले, तो युद्धाच्या वल्गना जरा कमी करतो, असे मानावयास हरकत नाही.

संध्याकाळी सभागृह रिते होते. विजयी झालेले व हरलेले बरोबरच उपाहारगृहाकडे जातात. वाटेतही त्यांचा वाद चालू असतो. टेबलाशी एकटा सूत्रधार उरतो. तो टेकड्या काढतो, नदी गुंडाळतो, आणि दोन्ही सेनांचे शिपाई एकाच पेटीत शेजारीशेजारी ठेवतो. कोणाची संगीन वाकली आहे, कोणाचा रंग उडाला आहे, ते पाहून ठेवतो. एवढ्यात तो पंधरा वर्षांचा मुलगा परत येतो आणि विचारतो, पुढच्या वर्षीही हा डाव असेल का? सूत्रधार हो म्हणतो आणि राखीव पलटणीचे पुतळे उचलून कापसात ठेवण्याचे काम त्याच्याकडे सोपवितो.